राजाचे चित्र काढण्यास बंदी आली, आणि घरमालक चित्रात आला

पावसाचे पाणी छतातून थेट अंथरुणावर गळत आहे. भाडेकरू पलंगावरच छत्री उघडून बसला आहे आणि घरमालकाच्या नावाने बोटे मोडत आहे. कारण दुरुस्ती करायचीच तर ती हवा चांगली झाल्यावर, असा मालकाचा हट्ट आहे. फ्रेंच चित्रकार ओनोरे दोमिए याने १८४० च्या दशकाच्या उत्तरार्धात पॅरिसमधील भाडेकरू आणि घरमालक यांच्यावर एक व्यंगचित्रमालिका काढली, तिच्यातील हे चित्र. त्याला आता पावणेदोनशे वर्षे होत आली. तरीही ते समजण्यासाठी फ्रान्सचा इतिहास ठाऊक असावा लागत नाही. गळक्या छताखाली एक पावसाळा काढलेला असला, म्हणजे पुरे.

याच दोमिएचे १८३१ मधील ‘गार्गांतुआ’ हे चित्र त्याहून कितीतरी अधिक गाजले. त्यापायी त्याला तुरुंगाची हवा खावी लागली. मात्र आज ते पाहणाऱ्याला शेजारी चार ओळींची टीप हवी असते: मधला अगडबंब माणूस कोण, टोपल्यांत काय आहे, खाली कागद कसले पडत आहेत. एकाच हाताने काढलेल्या या दोन चित्रांच्या मध्ये सरकारने केलेला एक कायदा उभा आहे. त्या कायद्याने चित्रकाराला राजवाड्याच्या दारातून हुसकावून लावले आणि त्यामुळेच तो जिन्यांवर, न्यायालयांच्या ओवऱ्यांत, घोडागाडीत आणि आगगाडीत जाऊन पोहोचला. एकोणिसाव्या शतकातील शहरी जीवनाची जी उपरोधिक चित्रे आज जगभरच्या संग्रहालयांत जपली जातात, त्यांचा जन्म असा बंदीच्या पोटी झाला.

शिळेवरचे रेखाटन

ही चित्रे ज्या तंत्राने छापली गेली, ते तंत्र आपल्याकडे ‘शिळाछाप’ म्हणून परिचित आहे. बव्हेरियातील आलोइस झेनेफेल्डर याने १७९० च्या दशकाच्या अखेरीस ते शोधून काढले. त्याचे तत्त्व सोपे आहे: तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या शिळेवर चित्रकार तेलकट खडूने चित्र काढतो. मग त्या शिळेवर डिंक आणि सौम्य आम्ल यांची प्रक्रिया केली जाते. शिळा ओली केली की कोऱ्या जागा पाणी धरून ठेवतात आणि तेलकट रेषा ते झिडकारतात. त्यावरून शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त रेषांना चिकटते. वर कागद ठेवून दाब दिला की छाप तयार. छाप उलटा उमटत असल्याने शिळेवर सारे उजव्याचे डावे करून काढावे लागते.

या तंत्राने दोन गोष्टी बदलल्या. तांब्यावरच्या किंवा लाकडावरच्या कोरीव कामाला कसबी कारागीर आणि बराच वेळ लागे, तर शिळेवर कागदावर काढावे तसे भरभर काढता येई. आज घडलेल्या गोष्टीचे चित्र दोन-चार दिवसांत वाचकाच्या हाती पडू लागले. शिवाय मध्ये कोरणारा कारागीर नसल्याने चित्रकाराच्या हाताचा दाब, त्याची घाई, त्याचा राग हे सारे जसेच्या तसे कागदावर उतरे. वृत्तपत्र आणि चित्र यांची गाठ पक्की झाली, ती या शिळेमुळे. मुंबईतही त्याच सुमारास शिळाप्रेस आला होता. गणपत कृष्णाजी यांची आरंभीची मराठी छपाई, पंचांगांसह, अशाच शिळांवर झाली. तिथे शिळेने अक्षराला वाट करून दिली. पॅरिसमध्ये तिने व्यंगाला वाट करून दिली.

नासपती आणि तुरुंग

जुलै १८३० मध्ये पॅरिसने तीन दिवसांच्या उठावात दहाव्या शार्ल राजाला पळवून लावले. त्याच्या जागी लुई-फिलिप आला. त्याने स्वतःला ‘नागरिकांचा राजा’ म्हणवून घेतले. साधा कोट घालून, हातात छत्री घेऊन तो रस्त्यावरून फिरत असे. नव्या सनदेत एक स्पष्ट वचन होते, की अभ्यवेक्षण, म्हणजे छपाईपूर्वीची सरकारी तपासणी, पुन्हा कधीही लादली जाणार नाही. त्या वचनावर विसंबून शार्ल फिलिपाँ या चित्रकार-प्रकाशकाने त्याच वर्षी ‘ला कारिकातुर’ हे साप्ताहिक आणि डिसेंबर १८३२ मध्ये ‘ल शारिवारी’ हे दैनिक काढले. शारिवारी म्हणजे गावाची रीत मोडणाऱ्याच्या दाराशी रात्री भांडी-डबे बडवून केलेला गोंगाट. पत्राचा हेतू नावातच होता. त्यात रोज एक नवे चित्र असे.

फिलिपाँने राजाच्या जाडजूड गालांच्या चेहऱ्याची नासपती केली. फ्रेंच बोलीत ‘नासपती’ म्हणजे बावळट माणूस. राजाच्या दुसऱ्या एका चित्राबद्दल नोव्हेंबर १८३१ मध्ये खटला झाला, तेव्हा त्याने न्यायालयातच चार रेखाटने सादर केली. पहिल्यात राजाचा चेहरा, चौथ्यात निव्वळ फळ, आणि मधल्या दोहोंत एकाचे दुसऱ्यात झालेले रूपांतर. यांतल्या नेमक्या कोणत्या रेषेला शिक्षा करणार, असा त्याचा सवाल होता. शिक्षा चुकली नाही. पण नासपती मात्र शहरभर भिंतींवर खडूने उमटू लागली.

दोमिए तेव्हा जेमतेम तेवीस वर्षांचा होता. १८०८ मध्ये मार्सेय येथे जन्मलेला हा मुलगा खिडक्यांना काचा बसवणाऱ्या कारागिराचा. वडिलांना कवी होण्याची हौस, म्हणून कुटुंब पॅरिसला आले आणि गरिबीत पडले. मुलगा लहान वयातच न्यायालयाच्या बेलिफाकडे पडेल ती कामे करू लागला, नंतर पुस्तकांच्या दुकानात लागला. न्यायालयाच्या ओवऱ्या, काळे झगे, फायलींचे गठ्ठे हे जग त्याने असे पायऱ्यांवरून पाहिले. पुढे हेच जग त्याच्या चित्रांत पुन्हा पुन्हा आले.

‘गार्गांतुआ’मध्ये त्याने लुई-फिलिपला राब्ले या फ्रेंच लेखकाच्या कथेतील खादाड राक्षसाचे रूप दिले. एक लांब फळी थेट त्याच्या तोंडापर्यंत गेली आहे. गरिबांकडून गोळा केलेल्या नाण्यांच्या टोपल्या घेऊन माणसे तिच्यावरून चढत आहेत. खुर्चीच्या खालून मानपत्रे आणि नेमणुकीचे कागद बाहेर पडत आहेत, आणि मर्जीतली मंडळी ते झेलण्यासाठी गर्दी करून उभी आहेत. या चित्राबद्दल त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली आणि ऑगस्ट १८३२ अखेर त्याची रवानगी सेंत-पेलाजी तुरुंगात झाली.

तो सुटून आल्यावर त्याची रेषा अधिक गंभीर झाली. एप्रिल १८३४ मध्ये पॅरिसमध्ये दंगल उसळली असता त्रान्सनोनँ रस्त्यावरील एका घरातून गोळी सुटल्याचा समज होऊन सैनिक त्या घरात घुसले आणि त्यांनी तेथील रहिवाशांना ठार केले. दोमिएने त्यानंतरची खोली काढली. पलंगाला टेकून पडलेला रात्रीच्या पोशाखातला माणूस, त्याच्या अंगाखाली चिरडलेले मूल, अंधारात पडलेली स्त्री, कडेला एका म्हाताऱ्याचे डोके. चित्रात सैनिक नाही, राजा नाही, विनोदाचा तर मागमूसही नाही. सरकारने ती शिळा आणि हाती लागतील तेवढ्या प्रती जप्त केल्या.

चित्र म्हणजे मत की कृती?

२८ जुलै १८३५ रोजी फिएस्की नावाच्या इसमाने राजाच्या मिरवणुकीवर एकाच वेळी अनेक बंदुकांच्या नळ्यांतून गोळ्या झाडल्या. राजा वाचला, इतर अनेकांचे प्राण गेले. सरकारला हवे ते निमित्त मिळाले. सप्टेंबरमध्ये वृत्तपत्रांविषयीचे कडक कायदे संमत झाले. त्यांतील एका कलमानुसार कोणतेही चित्र छापण्यापूर्वी त्यास सरकारची परवानगी आवश्यक ठरली.

परंतु सनदेतील वचनाचे काय? सरकार पक्षाने त्यावर शोधलेला युक्तिवाद मासलेवाईक होता. सनदेने मतस्वातंत्र्य दिले आहे, आणि शब्द हे मत होय. चित्र मात्र थेट डोळ्यांशी बोलते, लोकांना चेतवते, म्हणून ते मत न राहता कृती ठरते, आणि कृतीला सनदेचे संरक्षण नाही! त्यामुळे लेख छापण्यापूर्वी कोणाला दाखवावा लागत नसे, चित्र मात्र दाखवावे लागे. वाचता न येणाऱ्या माणसापर्यंतही चित्र पोहोचते, ही खरी धास्ती होती. लेख वर्गणीदाराच्या घरात जाई. चित्र प्रकाशकाच्या दुकानाच्या खिडकीत लागे आणि तिच्यासमोर शहर गोळा होई. या कायद्याने व्यंगचित्रकलेला मिळालेली ही एक प्रकारची पावतीच होती. ‘ला कारिकातुर’ बंद पडले. ‘ल शारिवारी’ तगले, पण राजा, मंत्री आणि संसद हे विषय त्याला वर्ज्य झाले.

राजाच्या जागी रोबेर माकेर

रोज एक चित्र तर द्यायचे, आणि सत्तेबद्दल अवाक्षर काढायचे नाही. या पेचातून फिलिपाँ आणि दोमिए यांनी रोबेर माकेरला उभे केले. मुळात हे नाटकातले पात्र. फ्रेदेरिक लमॅत्र या नटाने या रंगेल लफंग्याला रंगभूमीवर लोकप्रिय केले होते. १८३६ ते १८३८ या काळात दोमिएने त्याची शंभर चित्रे काढली. खालचा मजकूर फिलिपाँचा. एका चित्रात माकेर बँक काढतो, दुसऱ्यात तो डॉक्टर असतो, तिसऱ्यात वकील, कुठे लग्ने जुळवणारा दलाल, कुठे अस्तित्वात नसलेल्या कंपनीचे भाग विकणारा प्रवर्तक. बर्त्राँ नावाचा त्याचा हडकुळा साथीदार प्रत्येक फसवणुकीत मान डोलावतो. फ्रान्समध्ये त्या वर्षांत भागभांडवली कंपन्यांचे खरोखरच पेव फुटले होते आणि अनेकांच्या ठेवी त्यांत बुडत होत्या. वाचकाला माकेर ओळखू येई, कारण त्याचा गंडा त्यालाच बसलेला असे.

ही माघार होती काय? तत्कालीन मतदानाची व्यवस्था पाहिली, तर याचे उत्तर सापडते. तेव्हा ठरावीक रकमेहून अधिक कर भरणाऱ्या पुरुषांनाच मत होते. सव्वातीन कोटींहून अधिक लोकसंख्येच्या देशात मतदारांची संख्या दोन लाखांच्या आसपास होती. घरमालक, सावकार, कारखानदार, बडे वकील हाच त्या राज्याचा पाया होता. नासपतीला हात लावायला मनाई झाली; ज्या झाडाला ती लागली होती, ते झाड मात्र मोकळेच राहिले. मंत्र्याचे चित्र नाकारणारा अधिकारी एका काल्पनिक ठकसेनाचे चित्र कोणत्या कारणाने नाकारणार? नाकारले असते, तर मंत्री आणि ठकसेन यांच्यात साम्य आहे, अशी कबुली त्यानेच दिल्यासारखे झाले असते.

जिना, न्यायालय, आगगाडी

पुढच्या तीन तपांत दोमिएने पॅरिसचा कोपरा न् कोपरा धुंडाळला. १८३० च्या दशकात सात-आठ लाखांचे असलेले हे शहर १८४६ पर्यंत दहा लाखांच्या पुढे गेले. खेड्यांतून माणसे येत होती, घरे पुरत नव्हती, अनोळखी माणसांना एकमेकांना खेटून राहावे लागत होते. त्याच्या विनोदाचा उगम या खेटून राहण्यात आहे. १८३९ मधील एका चित्रात घोड्यांच्या सार्वजनिक गाडीत, झोपी गेलेला दारुडा आणि लठ्ठ खाटीक यांच्यामध्ये एक बाई चेपून बसली आहे. कोणी काही बोलत नाही. पण प्रवास किती लांबचा आहे, ते तिच्या चेहऱ्यावर दिसते.

‘न्यायालयातील मंडळी’ ही १८४५ ते १८४८ मधली मालिका वकिलांचा समाचार घेते. दावा हरलेल्या अशिलाला एक वकील समजावतो, की निकाल विरुद्ध गेला खरा, पण माझे भाषण ऐकण्याचा आनंद तर तुम्हाला मिळालाच ना! झग्यांच्या फुगलेल्या बाह्या, वर केलेले हात, ठरलेल्या क्षणी डोळ्यांत आणलेले पाणी, आणि न्यायासनावर डुलक्या घेणारे न्यायाधीश: बेलिफाकडच्या पोराने पाहिलेले सारे येथे उतरले आहे. बाकावर बसलेला पक्षकार मात्र बहुधा गप्प असतो.

आगगाडी आली, तेव्हा तिसऱ्या वर्गाच्या डब्यात थंडीने काकडणारे प्रवासी त्याने काढले. १८५३ मध्ये ऑस्मान पॅरिसचा प्रशासक झाला आणि रुंद रस्त्यांसाठी जुन्या वस्त्या पाडल्या जाऊ लागल्या. त्याच वर्षीच्या एका चित्रात एक प्रौढ जोडपे अर्धवट पाडलेल्या इमारतीकडे पाहत उभे आहे. वरच्या मजल्यावरची उघडी पडलेली खोली ही त्यांची लग्नानंतरची पहिली खोली. मजुरांना आठवणींची काही किंमतच नाही, अशी नवऱ्याची तक्रार. चित्र पाहून हसू येते, पण ते हसू फार वेळ टिकत नाही. १८५८ मध्ये धूमकेतू दिसला, तेव्हा त्याने बाबिने या नामांकित शास्त्रज्ञाला दुर्बिणीतून भलत्याच दिशेला पाहताना दाखवले; धूमकेतू मागे आहे, हे त्याला सांगते ती इमारतीच्या दाराशी बसणारी रखवालदारीण. १८६२ मध्ये छायाचित्रकार नादार फुग्यात बसून पॅरिसची छायाचित्रे घेताना दिसतो, आणि खाली शहरातील प्रत्येक इमारतीवर छायाचित्रणाच्या दुकानाचीच पाटी असते.

या कामात तो एकटा नव्हता. गावार्नी शहरातील शौकिनांची आणि त्यांच्या मैत्रिणींची नाजूक चित्रे काढी, ग्राँव्हील माणसांना पशूंची डोकी बसवी, आँरी मॉनिए याने ‘प्रुदोम’ हा आढ्यतेखोर मध्यमवर्गीय निर्माण केला. दोमिएचे वेगळेपण त्याच्या शरीररेखाटनात आहे. खालचा मजकूर बहुतेकदा संपादकीय कचेरीत दुसरेच कोणी लिहीत. तो झाकून ठेवला, तरी कोण कोणाला फसवतो आहे, कोण घाबरला आहे, कोण कंटाळला आहे, हे पाठीच्या बाकावरून आणि हनुवटीच्या ठेवणीवरून कळते. बोदलेर या कवीने १८५७ मध्ये फ्रेंच व्यंगचित्रकारांवर लेख लिहिला, त्यात दोमिएला गंभीर कलावंतांच्या पंक्तीत बसवले, ते यामुळेच.

हसण्याच्या मर्यादा

या चित्रांचे कौतुक करताना त्यांच्या उणिवाही नजरेआड करता येत नाहीत. १८४४ मध्ये दोमिएने लिहित्या स्त्रियांवर एक संपूर्ण मालिका काढली. बाई लेखणी घेऊन बसली आहे, मूल पाण्याच्या टबात पडले आहे, नवरा घर सांभाळतो आहे, अशा स्वरूपाची ही थट्टा. १८४८ च्या क्रांतीनंतर घटस्फोटाचा आणि मताचा हक्क मागणाऱ्या स्त्रियाही त्याच्या उपहासातून सुटल्या नाहीत. राजापुढे न झुकणारा हा चित्रकार स्वतःच्या घराच्या उंबरठ्याशी मात्र त्याच्या वर्गणीदाराइतकाच जुन्या मतांचा होता.

वर्गणीदार कोण होता, हेही विसरून चालत नाही. ‘ल शारिवारी’चा खप काही हजारांच्या घरातला. पत्र घेणे ज्याला परवडे, तो बहुधा चित्रातल्या मध्यमवर्गीयाचाच भाऊबंद असे. घरमालक हे चित्र पाहून हसत असेल आणि शेजारच्या मालकाकडे बोट दाखवत असेल. त्या हसण्याने पॅरिसमधील भाडी उतरली नाहीत. सरकारने ही चित्रे छापू दिली, ती निरुपद्रवी वाटली म्हणूनच. हा आक्षेप खोडून काढण्याजोगा नाही. त्याला एवढेच उत्तर देता येते, की राजाचा कारभार बखरकारांनी नोंदवला असताच. गळक्या छताखालच्या छत्रीची नोंद दुसऱ्या कोणी ठेवली नसती.

पुन्हा राजकारण, पुन्हा बंदी

फेब्रुवारी १८४८ मध्ये लुई-फिलिपलाही पळ काढावा लागला. बंदी उठली आणि दोमिए तत्काळ राजकारणाकडे परतला. जीर्ण कोट, वाकडी टोपी आणि हातात सोटा घेतलेला ‘रातापोआल’ हा लुई-नेपोलियनचा गुंड प्रचारक त्याने चित्रांत आणि मूर्तीतही साकारला. डिसेंबर १८५१ मध्ये लुई-नेपोलियनने सत्ता बळकावली आणि लवकरच पूर्वपरवानगीचा नियम परत आला. दोमिए पुन्हा आगगाडीकडे, न्यायालयाकडे, चित्रप्रदर्शनातील प्रेक्षकांकडे वळला. १८६० मध्ये पत्राने त्याला कामावरून कमी केले. सुमारे तीन वर्षांनी परत बोलावले. १८७० मध्ये देऊ केलेला सरकारी सन्मान त्याने नाकारला. जानेवारी १८७१ मध्ये, प्रशियाच्या वेढ्यात पॅरिस उपाशी असताना, त्याने नव्या वर्षाला काळ्या वस्त्रांतल्या स्त्रीचे रूप दिले. समोर पसरलेली प्रेते पाहून तिने चेहरा झाकून घेतला आहे. मागच्या वर्षाकडून मिळालेला हा तिचा वारसा.

जवळजवळ चार हजार शिळाचित्रे काढणारे डोळे अखेर मंदावले. वाल्माँदवा या गावात, जवळजवळ अंध अवस्थेत, फेब्रुवारी १८७९ मध्ये त्याचे निधन झाले. त्याच्या आदल्या वर्षी पॅरिसमध्ये त्याच्या रंगचित्रांचे प्रदर्शन भरले होते. व्हिक्टर ह्यूगो समितीचा मानद अध्यक्ष असूनही त्याचा खर्च भरून निघाला नाही. फ्रान्समध्ये चित्रांची पूर्वतपासणी कायमची रद्द झाली ती १८८१ मध्ये. ते पाहण्यास दोमिए उरला नव्हता.

त्याच्या पत्राचे नाव मात्र दूरवर गेले. १८४१ मध्ये लंडनमध्ये ‘पंच’ निघाले, तेव्हा त्याने ‘लंडनची शारिवारी’ असे उपनाव घेतले. त्या ‘पंच’चे अनुकरण हिंदुस्थानात झाले. मुंबईत ‘पारसी पंच’, लखनौत ‘अवध पंच’, आणि ठाण्यात मराठी ‘हिंदू पंच’. दाराशी भांडी बडवण्याची ती फ्रेंच रीत अशी दोन समुद्र ओलांडून इकडे आली. येथेही सत्तेला चित्रापेक्षा चित्र पाहणाऱ्यांच्या गर्दीची चिंता अधिक वाटली.

१८३५ च्या कायद्याने दोमिएला ज्या राजाचे चित्र काढू दिले नाही, तो राजा आज पाठ्यपुस्तकातील एका परिच्छेदापुरता उरला आहे. छत्री उघडून पलंगावर बसलेला भाडेकरू मात्र अजून दुरुस्तीची वाट पाहतो आहे.